लिस्बन किती दूर?



आपल्या धर्मग्रामांतील एखाद्या आजीबाईंना सहज विचारावे, "नातू कोठे असतो हो तुमचा?" तर त्या अभिमानाने सांगतात, "लिस्बनला." "फार लांब आहे काय?" असे पुढे विचारले, तर उत्तर येते, "छे हो! विमानात बसला की दुसऱ्या दिवशी दारात." हे उत्तर अगदीच खोटे नव्हे, परंतु ते पुरते खरेही नव्हे. आणि या उत्तराची पारख ज्या दिवशी होते, तो दिवस बहुधा घरातील दुःखाचा असतो. म्हणून सुखाच्या दिवसांतच हे अंतर एकदा नीट मोजून ठेवावे, असे आम्हांस वाटते.

ज्यांची मुले इंग्लंडात, कॅनडात किंवा आखाती देशांत आहेत, त्यांनी हाच हिशोब आपापल्या शहरापुरता करावा. आम्ही येथे गोवा आणि लिस्बन ही जोडी घेतली आहे. कारण आपल्या भागाचा इतक्या दूरच्या दुसऱ्या कोणत्याही शहराशी इतका जुना संबंध नाही, आणि ज्या संताचा सण आपण ३ डिसेंबरला साजरा करतो तो संत याच वाटेने आपल्याकडे आला.

गोलावरील दोरा

प्रथम अंतर पाहू. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या सपाट नकाशावर गोवा आणि लिस्बन यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर रेषा अरबस्तान, इजिप्त, लिबिया आणि अल्जीरिया यांच्यावरून जाते. मुलांना वाटते, विमानही याच रेषेने जात असेल. पण पृथ्वी सपाट नाही. संत्र्याची साल काढून ती पाटावर दाबून बसवावी तसा सपाट नकाशा हा ओढून-ताणून केलेला असतो, आणि त्यावरील सरळ रेषा ही खरी जवळची वाट नसते.

खरी वाट शोधावयाची तर शाळेतील पृथ्वीचा गोल घ्यावा आणि एक साधा दोरा घ्यावा. दोऱ्याचे एक टोक गोव्यावर धरावे, दुसरे लिस्बनवर, आणि दोरा ताणावा. तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. मग मुले चकित होतील. कारण हा दोरा अरबस्तान व इजिप्त यांच्यावरून न जाता त्यांच्या बराच उत्तरेकडून जातो. अरबी समुद्र ओलांडून तो दुबईजवळून इराणच्या आखातावर येतो, पुढे इराक व सीरिया यांवरून सायप्रस बेटाला स्पर्श करतो, अथेन्स शहराच्या जवळून जातो, इटलीचे दक्षिण टोक व सार्डिनिया बेट ओलांडतो आणि स्पेनवरून लिस्बनला पोचतो. सायप्रस आणि अथेन्स! संत पौलाच्या प्रवासांत ही दोन्ही ठिकाणे आपण वाचलेली आहेत. पौलाला ज्या भूमीवरून पायी आणि गलबतातून जावे लागले, त्याच भूमीवरून आपल्या मुलांची वाट आकाशातून जाते.

आता त्याच दोऱ्याने लांबी काढा. विषुववृत्ताभोवती गुंडाळलेला दोरा म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर. गोव्यापासून लिस्बनपर्यंतचा दोरा त्याच्या एक-पंचमांशाहून किंचित अधिक भरतो. म्हणजे सुमारे ८,३४० किलोमीटर, जुन्या मापाने ५,२०० मैलांच्या आसपास. हे झाले आकाशमार्गाचे अंतर. आजचे मोठे विमान उंचावर ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार केला तर नऊ-सव्वानऊ तास येतात. उड्डाण, उतरणे आणि समोरून येणारा वारा धरला तर दहा तास म्हणावेत.

आजीबाईंचे उत्तर या दहा तासांवर आधारलेले असते. पण हे दहा तास कागदावरचे आहेत. ते प्रत्यक्षात किती होतात हे पाहण्यापूर्वी, एके काळी ते किती होते हे पाहिले पाहिजे. नाही तर आपणांस काय मिळाले आणि काय मिळाले नाही, हे दोन्हीही समजणार नाही.

तेरा महिन्यांची वाट

संत फ्रान्सिस झेवियर १५४१ सालच्या ७ एप्रिलला लिस्बनहून जहाजात बसले. तो त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता. त्याच जहाजात हिंदुस्थानचे नवे पोर्तुगीज गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सोझा हेही होते. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात, त्यामुळे ८,३४० किलोमीटरचे अंतर पाण्यावरून दुपटीहून अधिक होई. शिवाय शिडाच्या जहाजाचा मालक वारा. मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडावे, आफ्रिकेचे टोक वेळेवर ओलांडावे आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या पाठबळावर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत गोवा गाठावा, असा सहा महिन्यांचा शिरस्ता होता. ज्याला उशीर झाला त्याचा मोसम हुकला. मग मोझांबिकच्या बेटावर पुढील वाऱ्याची वाट पाहत बसावे लागे.

फ्रान्सिस झेवियर यांच्या जहाजाचे असेच झाले. मोझांबिकला सुमारे सहा महिने मुक्काम पडला. त्या मुक्कामात त्यांनी रुग्णालयात आजाऱ्यांची सेवा केली. अखेर १५४२ सालच्या ६ मे रोजी ते गोव्यास उतरले. तेव्हा गोवा हे शहराचेच नाव होते. आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो तेच ते. लिस्बन ते गोवा : तेरा महिने.

आता या तेरा महिन्यांचा अर्थ घरच्या माणसांच्या दृष्टीने काय होता, ते पाहा. माणूस ज्या जहाजाने येई, त्याच जहाजाने पत्र येई. गोव्याहून डिसेंबर-जानेवारीत सुटलेले पत्र उन्हाळ्यात लिस्बनला पोचले, तर त्याचे उत्तर पुढील वर्षीच्या ताफ्यातून निघे. प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत दीड-दोन वर्षे सहज लोटत. फ्रान्सिस झेवियर यांनी स्वतःच आपल्या सोबत्यांना लिहून कळविले आहे, की त्यांनी त्यांच्या पत्रांवरील सह्या कापून घेतल्या व त्या ते सदैव आपल्याजवळ बाळगीत. आज आपण मुलांची छायाचित्रे खिशात ठेवतो, त्याचीच ही जुनी रीत.

या अंतराची सर्वांत करुण साक्ष पुढे मिळते. चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर १५५२ सालच्या ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियर यांनी देह ठेवला. रोममध्ये त्यांचे गुरुबंधू व येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांना याची काहीच वार्ता नव्हती. १५५३ सालच्या २८ जूनला त्यांनी फ्रान्सिस यांना पत्र लिहून युरोपात परत बोलाविले. ज्यांना बोलाविले, ते जाऊन तोपर्यंत जवळजवळ सात महिने झाले होते. पत्र प्रेमाने लिहिलेले होते, आज्ञा विचारपूर्वक दिलेली होती. पण ती ऐकणारा पृथ्वीवर नव्हता. दोन संतांच्या मध्येही अंतर हे असे उभे राहिले. पुढे १५५४ च्या मार्चमध्ये फ्रान्सिस यांचा देह गोव्यास आणण्यात आला, आणि आज तो बॉम जेझूच्या बासिलिकेत आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी कोणीही इग्नाशियस यांना दोष दिला नाही, की "मित्र मरण पावला आणि तुम्हांला कळलेसुद्धा नाही!" कारण बातमी आणि माणूस दोन्ही एकाच गतीने चालत, आणि ती गती सर्वांना ठाऊक होती.

तार आणि विमान

ही जोडी फुटली ती १८६९ आणि १८७० या लागोपाठच्या दोन वर्षांत. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेचा वळसा टळला आणि आगबोटीने युरोप-हिंदुस्थान प्रवास काही आठवड्यांवर आला. ही माणसाच्या गतीतील सुधारणा. परंतु १८७० मध्ये समुद्राच्या तळाशी तारा टाकून मुंबई ही एडन व सुएझमार्गे युरोपशी जोडली गेली. त्याच वर्षी इंग्लंडहून निघालेली तार लिस्बनजवळ कार्काव्हेलोस येथे किनाऱ्यास लागून पुढे जिब्राल्टर व माल्टाकडे गेली. त्या दिवसापासून बातमी माणसाच्या कितीतरी पुढे धावू लागली. आगबोटीला आठवडे, तारेला तास. आपल्या वाडवडिलांना दारात तारवाला दिसला की धस्स होत असे, ते उगाच नव्हे. तारेने वार्ता येई, पण डोळे पुसणारे हात येत नसत.

माणसाची गती पुन्हा वाढली ती विमानामुळे. १९५५ मध्ये दाभोळीचा विमानतळ वापरात आला आणि गोव्याच्या तत्कालीन पोर्तुगीज राजवटीने आपली स्वतंत्र विमानसेवा सुरू केली. तिची विमाने प्रथम कराचीपर्यंत व पुढे लिस्बनपर्यंत जाऊ लागली. ती पंख्यांची विमाने होती. त्यांतील चार इंजिनांचे स्कायमास्टर ताशी सुमारे ३६० किलोमीटर वेगाने उडत असे. इंधनासाठी वाटेत अनेक ठिकाणी उतरावे लागे. तरीही तेरा महिन्यांच्या मानाने तो चमत्कारच होता.

परंतु १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला आणि ती विमानसेवा बंद झाली. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध त्याआधीच तुटलेले होते. पोर्तुगालमध्ये १९७४ च्या एप्रिलात क्रांती झाली, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मधली तेरा वर्षे अंतर तेच ८,३४० किलोमीटर होते. विमाने तर पूर्वीपेक्षा वेगवान झाली होती. तरी ज्या कुटुंबांतील काही माणसे इकडे व काही तिकडे राहिली, त्यांच्यासाठी लिस्बन कितीतरी दूर गेले होते. तात्पर्य, दोन शहरांमधील अंतर केवळ किलोमीटरांत मोजून भागत नाही. त्यात कागद, सरकारे आणि शिक्के हेही धरावे लागतात. ही गोष्ट आजच्या हिशोबातही उपयोगी पडेल.

आजचा खरा हिशोब

गोव्याहून लिस्बनला थेट जाणारे नियमित विमान नाही. म्हणून कागदावरचे दहा तास कोणासही मिळत नाहीत. वाटेत एकदा किंवा दोनदा विमान बदलावे लागते. दुबईमार्गे गेल्यास गोवा ते दुबई सुमारे २,२०० आणि दुबई ते लिस्बन सुमारे ६,१५० किलोमीटर होतात. बेरीज जवळजवळ थेट अंतराइतकीच येते, कारण दुबई त्या ताणलेल्या दोऱ्यावरच बसलेली आहे. मुंबई व फ्रँकफुर्टमार्गे गेल्यास मात्र सुमारे ५०० किलोमीटरचा वळसा पडतो. शिवाय वाटेवरील देशांत युद्ध किंवा अशांतता असली, की विमाने तो प्रदेश टाळून लांबून जातात, आणि दोऱ्याचा हिशोब तेवढा बिघडतो.

वाऱ्याचाही हिशोब आहे. फ्रान्सिस झेवियर यांचे शीड गेले, तरी वाऱ्याचे राज्य संपलेले नाही. उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाचा वायुप्रवाह वाहतो. म्हणून दुबईहून लिस्बनला जाण्यास सुमारे आठ तास लागतात, तर लिस्बनहून दुबईस येताना सात-साडेसात तासांत काम होते.

मग घड्याळाचा घोळ. भारताचे घड्याळ पोर्तुगालच्या पुढे हिवाळ्यात साडेपाच तास, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत साडेचार तास असते. समजा, प्रवासास एकूण सतरा तास लागले. हिवाळ्यात पहाटे ४ वाजता गोव्याहून निघालेला मुलगा त्याच दुपारी ३.३० वाजता लिस्बनला उतरतो. घरच्यांना वाटते, साडेअकरा तासांत पोचला! पण तोच मुलगा लिस्बनहून दुपारी २ वाजता निघाला तर गोव्यात दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० वाजता उतरतो. वाटते, साडेबावीस तास लागले! प्रवास तेवढाच, फसवणूक घड्याळाची. आणि आपल्याला हिशोब नेहमी या दुसऱ्या दिशेचा, म्हणजे घरी परत येण्याचाच करावयाचा असतो.

तो हिशोब असा. घरून फोन गेला. मुलगा कामावर असेल. रजा मागावयाची, तिकीट शोधावयाचे, बॅग भरावयाची, यास सहा-आठ तास धरा. विमान सुटण्यापूर्वी तीन तास विमानतळावर. लिस्बन ते दुबई साडेसात तास. पुढच्या विमानाची वाट कमीत कमी तीन-चार तास. दुबई ते गोवा तीन-सव्वातीन तास. उतरल्यावर पासपोर्ट तपासणी व सामान, एक तास. पुढे रस्ता : गोव्यातील गावास तास-दीड तास, घाट चढून बेळगावकडील गावास तीन-चार तास. सगळ्याची बेरीज केली तर, सर्व काही सुरळीत झाले असता, फोन गेल्यापासून उंबरठ्यावर पाऊल पडेपर्यंत सुमारे तीस तास होतात. हैदराबाद, वडोदरा, इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या वाचकांनी आपल्या शेवटच्या टप्प्याचे तास यात आपणच घालावेत. तिकीट त्या दिवशीचे मिळाले नाही, तर तीसाचे पन्नास होण्यास वेळ लागत नाही.

आजीबाईंच्या "दुसऱ्या दिवशी दारात" या उत्तराचा अर्थ असा आहे : सर्व सुरळीत झाले तर दुसऱ्या दिवशी रात्री, नाही तर तिसऱ्या दिवशी.

बातमी पुढे, माणूस मागे

आता या सर्व आकड्यांतून जे निघते ते सांगतो. फ्रान्सिस झेवियर यांच्या काळी बातमी तेरा महिने आणि माणूसही तेरा महिने. आज बातमी एका क्षणात, आणि माणूस तीस तासांनी. माणसाची गती शेकडो पटींनी वाढली, हे खरे; पण बातमी त्याच्याही पुढे निघून गेली आहे. आईचा शेवटचा श्वास मुलगा फोनच्या पडद्यावर पाहतो, आणि तिच्या पायांशी पोचावयास त्याला दीड दिवस लागतो. हे दुःख आपल्या पूर्वजांनी जाणलेले नव्हते. हे नवे आहे, आणि म्हणूनच ते कसे सोसावे हे आपण अजून शिकलेलो नाही.

यातून घराघरांत कटुता निर्माण होते. बातमी क्षणात पोचली म्हणजे माणूसही क्षणात पोचला पाहिजे, असे मनाला वाटते. "एवढी विमाने आहेत, एवढा पैसा मिळवितो, आणि बापाच्या मातीला आला नाही!" असे शब्द निघतात, आणि ते वर्षानुवर्षे विसरले जात नाहीत. बोलणाऱ्याला ठाऊक नसते, की लिस्बनच्या एखाद्या स्वयंपाकघरात किंवा बांधकामावर राबणाऱ्या त्या मुलाचे निवासपत्र अजून कचेरीत अडकलेले आहे, आणि आज तो देशाबाहेर पडला तर परत आत येण्याची शाश्वती नाही. किंवा त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, आणि आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे आपल्याच गावी येण्यास त्याला ओसीआय कार्ड किंवा व्हिसा लागतो; व्हिसा मिळेपर्यंत दिवस जातात आणि माती होऊन जाते. १९६१ ते १९७४ या काळात जे अंतर दोन सरकारांनी उभे केले होते, तेच आज एखाद्या कुटुंबासाठी एका कागदाने उभे राहते. त्या मुलाने रात्र कशी काढली असेल, हे त्याला दोष देणाऱ्याने क्षणभर मनात आणावे.

म्हणून चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट कागदांची. परदेशी असलेल्या मुलाचा पासपोर्ट केव्हा संपतो, निवासपत्राची मुदत काय, नागरिकत्व बदलले असल्यास ओसीआय कार्ड काढले आहे की नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी विचारावे. सुखाच्या दिवसांत हे काम अर्ज भरून होते. दुःखाच्या रात्री ते कशानेच होत नाही.

दुसरी गोष्ट मातीच्या वेळेची. आपल्याकडे दफन लवकर करण्याची चाल आहे, आणि ज्या काळी देह ठेवण्याची सोय नव्हती त्या काळी ती योग्यच होती. आज मोठ्या रुग्णालयांच्या शवागारांत ही सोय असते. मुलगा निघू शकत असेल, तर त्याच्या तीस तासांचा हिशोब करून आपल्या धर्मगुरूंशी बोलावे आणि वेळ ठरवावी. आणि तो निघूच शकत नसेल, तर ते स्पष्ट मान्य करून, त्याच्यावर रोष न धरता विधी उरकावा. अर्धवट आशेवर देह ताटकळत ठेवणे आणि मग गावभर चर्चा करणे, यांत कोणाचेच भले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "मुलगा आल्यावर फादरांना बोलावू," असे म्हणून आजाऱ्याचा तैलाभ्यंग संस्कार लांबणीवर टाकू नये. मुलाच्या विमानाची वाट पाहता येते; मरण कोणाच्याही विमानाची वाट पाहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत सांगितलेच आहे, की हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नव्हे. आजारपणाने किंवा वार्धक्याने मरणाचा धोका दिसू लागला की त्यासाठी योग्य वेळ आलीच. पापनिवेदन, तैलाभ्यंग आणि ख्रिस्तशरीर यांचा लाभ आईला शुद्धीवर असताना झाला, हे कळले म्हणजे दूरच्या मुलाच्या मनालाही जो धीर मिळतो, तो तिकिटाने मिळत नाही. फोनवरून त्याला त्या प्रार्थनेत सामील करून घेता येते. ज्या यंत्राने आपले दुःख वाढविले, त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा.

चौथी गोष्ट समेटाची. बाप आणि मुलगा जमिनीवरून किंवा लग्नावरून बोलेनासे झाले आहेत, अशी घरे आपल्या धर्मग्रामांत थोडी नाहीत. दोघेही मनात म्हणतात, "वेळ आली की भेटू, विमानाने एका दिवसाचा तर रस्ता." पण तो रस्ता एका दिवसाचा नाही, हे आपण वर मोजले आहे. शेवटच्या तीस तासांत क्षमा मागण्याचे ठरविणारा माणूस बहुधा दुबईच्या विमानतळावर बसलेला असताना त्याला दुसरा फोन येतो. क्षमेचा शब्द मात्र बातमीच्या गतीने, म्हणजे क्षणात, पोचू शकतो. तो आज पाठवावा.

आणि ज्याला येता आले नाही, त्याने काय करावे? त्याने जेथे आहे तेथे गुडघे टेकावेत. आपण ज्या संत अंतोनला पादुआचा म्हणून ओळखतो, तो जन्माने लिस्बनचाच. तेथील कॅथेड्रलजवळ, त्याच्या जन्मस्थानी म्हणून मानलेल्या जागी, त्याचे चर्च उभे आहे. तो स्वतः घर सोडून गेलेला आणि परक्या देशी देह ठेवलेला मुलगा. त्याच्या पायांशी आपल्या आईसाठी मिस्सा अर्पण करणाऱ्या मुलाला "तो आला नाही" असे म्हणू नये. संतांच्या ऐक्यावर आपला विश्वास आहे, म्हणजे मृत व जिवंत, गोव्यातले व लिस्बनमधले, सर्व एकाच प्रभूपाशी एकत्र आहेत यावर आपला विश्वास आहे. तेथे ८,३४० किलोमीटर नाहीत आणि साडेपाच तासांचा फरकही नाही.

तेव्हा वाचकहो, या रविवारी मिस्सेहून घरी आल्यावर आपल्या दूरच्या मुलास किंवा मुलीस फोन करा. आधी तेथील घड्याळ पाहा. आपल्याकडे दुपारचे बारा वाजले असतील तेव्हा तेथे सकाळ आहे, आणि रविवारची झोप त्यांनाही प्रिय असते. जेवलास का, हे तर विचाराच. पण त्याबरोबर पासपोर्टची तारीख विचारा, आणि मनात काही जुने राहिले असेल तर तेही बोलून मोकळे व्हा.